निकेल, मिथेन आणि कार्बनचा हिशेब

१

मिथेनपासून हायड्रोजन मिळविण्याच्या संशोधनात निकेल या धातूचे स्थान गेली शंभर वर्षे अढळ राहिले आहे. ऱ्होडियम, रुथेनियम यांसारखे मौल्यवान धातू मिथेनच्या रेणूवर निकेलपेक्षा अधिक वेगाने क्रिया करतात, हे सर्वमान्य आहे. परंतु त्यांची दुर्मिळता आणि किंमत लक्षात घेता कारखान्यातील उत्प्रेरकाची जागा निकेललाच मिळाली. या शंभर वर्षांत निकेलवर एकच मोठा आरोप सातत्याने होत आला. तो म्हणजे मिथेनच्या विघटनातून सुटणारा कार्बन त्याच्या पृष्ठभागावर साचतो, आणि शेवटी उत्प्रेरकच निकामी होतो.

गेल्या तीन दशकांत मात्र या आरोपाचे स्वरूप पालटले आहे. वाफ न वापरता केवळ मिथेनचेच विघटन करून हायड्रोजन आणि घन कार्बन असे दोन पदार्थ मिळवावेत, आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा प्रश्नच उद्भवू देऊ नये, असा विचार पुढे आला. फ्लॉरिडा येथील नाझिम मुरादोव्ह यांनी १९९३ साली इंधनापासून कार्बन डाय-ऑक्साइड न सोडता हायड्रोजन मिळविण्याचा जो प्रश्न मांडला, त्यानंतर या विषयावरील निबंधांची संख्या झपाट्याने वाढत गेली. पूर्वी ज्याला दोष म्हटले जात होते, तो साचणारा कार्बन आता उत्पादन म्हणून ओळखला जाऊ लागला. हे नामांतर न्याय्य आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, हा येथील विवेचनाचा विषय आहे. प्रश्न केवळ शब्दांचा नाही. या नामांतरावर विसंबून प्रबंध लिहिले जात आहेत व प्रयोगशाळांचे कार्यक्रम आखले जात आहेत. म्हणून त्याची कसोटी कठोरपणे घेतली जाणे इष्ट आहे.

२

पूर्वेतिहासाचा थोडक्यात निर्देश आवश्यक आहे. पॉल साबातिए आणि जाँ-बातिस्त सांदरांस यांनी १९०२ साली कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्यापासून निकेलच्या साहाय्याने मिथेन तयार केला. उत्प्रेरक हा समतोलाकडे जाण्याचा वेग वाढवितो, समतोलाची जागा बदलत नाही. म्हणून जो धातू मिथेन घडवितो तोच योग्य परिस्थितीत मिथेन मोडूही शकतो, हे तत्त्व त्या प्रयोगातच गर्भित होते. मिथेन आणि वाफ यांच्यातील विक्रियेचा पद्धतशीर अभ्यास न्यूमान व याकोब यांनी १९२४ साली प्रसिद्ध केला, आणि १९३० च्या सुमारास अमेरिकेत बॅटन रूझ येथे या विक्रियेवर आधारलेले उत्पादन सुरू झाले. आज जगातील खत कारखान्यांना लागणारा हायड्रोजन बव्हंशी याच मार्गाने येतो. मुंबई हाय क्षेत्रातील नैसर्गिक वायूवर उभा राहिलेला अलिबागजवळील थळ येथील कारखाना हे महाराष्ट्रातील त्याचे परिचित उदाहरण होय.

मिथेन आणि वाफ यांच्यापासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन होताना एका ग्रॅम-रेणूमागे २०६ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. कार्बन मोनॉक्साइडचे पुढे वाफेशी होणारे परिवर्तन ४१ किलोज्यूल परत देते. दोन्ही मिळून १६५ किलोज्यूल खर्चून चार ग्रॅम-रेणू हायड्रोजन हाती येतो. मिथेनच्या साध्या विघटनात ७५ किलोज्यूल खर्चून दोनच ग्रॅम-रेणू मिळतात. म्हणजे हायड्रोजनच्या एका ग्रॅम-रेणूमागे उष्णतेचा खर्च एका मार्गाने सुमारे ४१ आणि दुसऱ्या मार्गाने सुमारे ३७ किलोज्यूल इतका पडतो. विघटनाचा मार्ग उष्णतेच्या दृष्टीने फार स्वस्त आहे असे जे पुष्कळदा प्रस्तावनेत लिहिलेले आढळते, ते मिथेनच्या ग्रॅम-रेणूमागील आकडे शेजारी शेजारी ठेवून लिहिलेले असते. पाण्याची वाफ करण्याचा खर्च धरला तर विघटनाची बाजू काहीशी अधिक बळकट होते, हे खरे. पण २०६ आणि ७५ या दोन आकड्यांच्या तुलनेतून जो भास उत्पन्न होतो, तो हायड्रोजनचा हिशेब मांडताच बराचसा विरतो.

३

या संशोधनाचा सर्वांत समृद्ध भाग निकेलच्या पृष्ठभागाविषयीच्या ज्ञानात आहे, आणि त्याची नोंद प्रथम घेतली पाहिजे. १९७२ साली बेकर आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निकेलच्या कणावर ॲसिटिलीनचे विघटन घडवून कार्बनचे तंतू प्रत्यक्ष वाढताना पाहिले. कणाच्या एका बाजूस वायूचे विघटन होते, कार्बनचे अणू धातूतून पलीकडे विसरण पावतात आणि दुसऱ्या बाजूस ग्रॅफाइटसारख्या थरांच्या रूपाने बाहेर पडतात. तंतू लांबत जातो आणि निकेलचा कण त्याच्या टोकावर बसून पुढे सरकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. तंतूंच्या वाढीची सक्रियण ऊर्जा निकेलमधील कार्बनच्या विसरणाच्या ऊर्जेशी जवळजवळ जुळते, हा त्यांचा पुरावा आजही महत्त्वाचा आहे.

त्यांच्या उपपत्तीचा एक भाग मात्र टिकला नाही. कणाची एक बाजू विक्रियेच्या उष्णतेने तापते व दुसरी थंड राहते, आणि या तापमानातील फरकामुळे कार्बन वाहत जातो, असे त्यांनी सुचविले होते. ॲसिटिलीनचे विघटन उष्णता देणारे असल्यामुळे ही कल्पना तेथे लागू पडण्यासारखी होती. मिथेनचे विघटन उष्णता शोषणारे आहे. तेथे वायूकडील बाजू थंड होते, आणि तरीही तंतू वाढतातच. म्हणून कार्बनच्या प्रवाहाचे कारण तापमानात शोधण्याऐवजी दोन बाजूंवरील कार्बनच्या संहतीतील फरकात शोधावे लागते. एखादी उपपत्ती एका वायूसाठी बरोबर दिसली म्हणून दुसऱ्या वायूसाठी ती तशीच उचलणे किती धोक्याचे असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. २००४ साली हेल्वेग आणि सहकाऱ्यांनी मिथेनच्या वातावरणात निकेलच्या कणाचे अणुपातळीवरील चित्रण केले. त्यात तंतूची वाढ होत असताना निकेलच्या पृष्ठभागावर पायऱ्या निर्माण होतात, नाहीशा होतात आणि कणाचा आकार सतत बदलत राहतो, असे दिसून आले. उत्प्रेरक हा एक स्थिर मंच असून त्यावर विक्रिया घडते, या जुन्या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला.

डेन्मार्कमधील येन्स रोस्ट्रुप-नील्सन यांचे कार्य दुसऱ्या दिशेने मोलाचे आहे. निकेलवर वाढणाऱ्या तंतूंची ऊर्जा शुद्ध ग्रॅफाइटपेक्षा अधिक असते, आणि म्हणून त्यांच्या बाबतीतील समतोल ग्रॅफाइटच्या कोष्टकांवरून काढलेल्या समतोलापासून ढळतो. हे ढळणे निकेलच्या स्फटिकांच्या आकारावर अवलंबून असते, असे त्यांनी १९७२ मध्ये दाखविले. पुढे १९८४ साली त्यांनी गंधकाचा उपयोग करून आणखी एक बोधप्रद गोष्ट सिद्ध केली. निकेलच्या पृष्ठभागाचा काही भाग गंधकाने व्यापला असता वाफेशी होणारी विक्रिया मंदावते, परंतु कार्बनची निर्मिती त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात थांबते; कारण कार्बन घडण्यास शेजारी शेजारी असलेल्या अणूंचा मोठा समूह लागतो. ज्याला सर्वजण विष म्हणत होते, त्याचा मोजका अंश औषधासारखा वापरता येतो, हा निष्कर्ष अनुभवी निरीक्षणातून आलेला आहे. त्यात घोषणेचा भाग नाही.

विक्रियेच्या वेगाबद्दल मात्र साहित्यात अद्यापही दोन निराळ्या परंपरा नांदतात. झू आणि फ्रोमेंट यांचा १९८९ चा अभ्यास अभियंत्यांच्या हाती आजही असतो; त्यात मिथेन व वाफ यांच्या विक्रियेसाठी २४०.१ किलोज्यूल इतकी सक्रियण ऊर्जा दिलेली आहे. वेई आणि इग्लेसिया यांनी २००४ साली निकेलवर मिथेनचा वेग काळजीपूर्वक मोजला तेव्हा त्यांना ती १०५ किलोज्यूलच्या आसपास आढळली. मिथेनसोबत वाफ असो, कार्बन डाय-ऑक्साइड असो किंवा काहीच नसो, वेग केवळ मिथेनच्या दाबाच्या प्रमाणात राहतो, असेही त्यांना दिसले. यावरून कार्बन-हायड्रोजन बंधाचे तुटणे हीच वेग ठरविणारी एकमेव पायरी आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

हे दोन आकडे परस्परविरोधी आहेत असे म्हणून एकाला खरे व दुसऱ्याला खोटे ठरविणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. पहिला आकडा ज्या समीकरणातील आहे, त्यात हायड्रोजन, वाफ व कार्बन मोनॉक्साइड यांच्या अधिशोषणाचे अंश छेदात बसलेले आहेत. त्यातील ऊर्जा ही एकट्या बंधभंगाची ऊर्जा नव्हे. दुसरा आकडा उलट विक्रियेची दुरुस्ती करून आणि उष्णता व वस्तू यांच्या वहनाचे अडथळे टाळून मिळविलेला आहे. विक्रियापात्राच्या आराखड्यासाठी पहिला उपयोगी, पृष्ठभागावरील घटना समजण्यासाठी दुसरा. दोष आढळतो तो या दोन्ही आकड्यांना एकाच कोष्टकात बसवून त्यांच्या शेजारी स्वतःचा आकडा लिहिणाऱ्या पुढील निबंधांत. स्वतःची मोजणी कोणत्या अर्थाने ‘सक्रियण ऊर्जा’ आहे, याचा खुलासा त्यांपैकी पुष्कळांत मिळत नाही.

४

आता विघटनाच्या मार्गावरील निबंधांकडे वळता येईल. त्यांतील सर्वांत प्रचलित मापदंड म्हणजे मिथेनचे शेकडा परिवर्तन. अमुक तापमानास अमुक टक्के मिथेनचे परिवर्तन झाले, सबब उत्प्रेरक चांगला, अशी मांडणी सर्वत्र दिसते. या मापदंडाची मर्यादा साध्या ऊष्मागतिकीय गणिताने स्पष्ट होते.

ग्रॅफाइट हा घन पदार्थ धरून आणि वातावरणाइतक्या दाबाखाली शुद्ध मिथेन घेऊन समतोल काढला, तर ५००° से. तापमानास सुमारे ३२ टक्के, ६००° से. ला सुमारे ६० टक्के, ७००° से. ला सुमारे ८१ टक्के आणि ८००° से. ला सुमारे ९२ टक्के मिथेनचे विघटन शक्य आहे. याहून अधिक परिवर्तन कोणताही उत्प्रेरक देऊ शकत नाही. पण मिथेनमध्ये नायट्रोजन मिसळून त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणले, तर ५००° से. तापमानासच समतोल सुमारे ६५ टक्क्यांवर जातो. कारण एका रेणूपासून वायुरूप दोन रेणू होत असल्याने आंशिक दाब उतरताच समतोल उजवीकडे सरकतो. एका प्रयोगशाळेने शुद्ध मिथेनवर ३० टक्के आणि दुसरीने सौम्य केलेल्या मिथेनवर ६० टक्के परिवर्तन नोंदविले, तर दुसऱ्या उत्प्रेरकाचे मोठेपण त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. दोघांनीही समतोलाच्या जवळ जाण्यापलीकडे काही केलेले नाही. उलट, सौम्य केलेल्या वायूतून मिळालेला हायड्रोजन नायट्रोजनपासून पुन्हा वेगळा करावा लागतो, आणि त्याचा खर्च निबंधात कोठेच येत नाही.

याहून सूक्ष्म दोष उत्प्रेरकाच्या टिकाऊपणाच्या दाव्यात दडलेला असतो. परिवर्तन समतोलाइतके असेल तर ते दीर्घकाळ स्थिर राहिले, या गोष्टीला फारसा अर्थ उरत नाही. नळीत गरजेपेक्षा कितीतरी अधिक निकेल भरलेले असेल, तर प्रवेशाकडील थर मृत झाला तरी पुढील थर तेच काम करतो, आणि आलेखावरील रेषा आडवीच राहते. शेवटचा थर कमी पडू लागला की ती एकाएकी कोसळते. अशा प्रयोगात दिसणारी स्थिरता उत्प्रेरकाची नसून त्याच्या साठ्याची असते. उत्प्रेरकाचा ऱ्हास मोजावयाचा तर परिवर्तन समतोलापासून बरेच दूर ठेवून, निकेलच्या उघड्या अणूमागे दर सेकंदास किती मिथेन मोडला, हे काळाच्या ओघात पाहावे लागते. ही मोजणी कष्टाची आहे. म्हणूनच ती थोड्याच ठिकाणी आढळते.

कणांच्या आकारासंबंधी आणखी एक विसंगती लक्षात येते. वेगाच्या दृष्टीने निकेलचे कण जितके लहान तितके चांगले, असे वेई व इग्लेसिया यांच्या मोजणीवरून दिसते. कार्बनचे तंतू दीर्घकाळ वाढत राहावेत यासाठी मात्र काही दशक नॅनोमीटर आकाराचे मोठे कण अधिक अनुकूल ठरतात. अतिसूक्ष्म कण लवकर कार्बनने वेढले जातात. म्हणजे वेग आणि आयुष्य यांच्या मागण्या परस्परविरुद्ध आहेत. निकेलचा वितळबिंदू १४५५° से. आहे, केवल मापनाने त्याच्या अर्ध्या तापमानास, म्हणजे ५९०° से. च्या सुमारास, त्याचे अणू बरेच चंचल होतात आणि लहान कण एकमेकांत मिसळू लागतात. समतोल अनुकूल व्हावा म्हणून तापमान वाढवावे तर निकेलच टिकत नाही, आणि निकेल टिकावे म्हणून ते उतरवावे तर समतोल प्रतिकूल होतो. हा पेच आधारद्रव्याचे नाव बदलल्याने सुटत नाही. तरीही सिलिका, ॲल्युमिना, मॅग्नेशिया, झिर्कोनिया अशी आधारद्रव्यांची यादी लांबवीत नेणारे निबंध एकामागून एक येत राहतात.

५

कार्बनला उत्पादन म्हणावयाचे असेल तर निकेलचाही हिशेब द्यावा लागेल. रशिया आणि जपान येथील प्रयोगशाळांनी सिलिकायुक्त निकेलवर ५००° ते ५५०° से. च्या आसपास निकेलच्या प्रत्येक ग्रॅममागे साडेतीनशेहून अधिक ग्रॅम कार्बन साचविता येतो असे दाखविले, आणि ही निःसंशय मोठी प्रगती होती. समजा हा आकडा ४०० धरला. एक किलोग्रॅम हायड्रोजनसाठी चार किलोग्रॅम मिथेन मोडावा लागतो व त्यातून तीन किलोग्रॅम कार्बन सुटतो. म्हणजे प्रत्येक किलोग्रॅम हायड्रोजनमागे साडेसात ग्रॅम निकेल कार्बनच्या राशीत गुंतून पडते. दहा लाख टन हायड्रोजनसाठी हा आकडा साडेसात हजार टन होतो. निकेल तंतूंच्या टोकांवर विखुरलेले असल्यामुळे ते आम्लाने धुऊन काढावे लागते. ग्रॅफाइटच्या थरांनी पूर्ण वेढलेले कण आम्लालाही सहजी दाद देत नाहीत. निकेलची संयुगे कर्करोगकारक मानली गेली असल्याने निकेलयुक्त कार्बनची भुकटी उघड्यावर टाकण्याचाही मार्ग बंद आहे. आणि एवढे करून वापरला जाणारा हा उत्प्रेरक एकदाच उपयोगी पडत असेल, तर त्याला उत्प्रेरक म्हणावे की कच्चा माल म्हणावे, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की, साचलेला कार्बन जाळून उत्प्रेरकाला पुन्हा ताजे करावे. येथे या सर्व साहित्यातील सर्वांत मोठी विसंगती उघडी पडते. तीन किलोग्रॅम कार्बन जाळला तर अकरा किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. वाफेच्या प्रचलित मार्गात रासायनिक समीकरणाप्रमाणे एक किलोग्रॅम हायड्रोजनमागे साडेपाच किलोग्रॅम, आणि भट्टीचे इंधन धरून प्रत्यक्षात सुमारे नऊ ते दहा किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे ‘कार्बन डाय-ऑक्साइडविरहित’ असे शीर्षक धारण करणाऱ्या निबंधात उत्प्रेरकाचे पुनरुज्जीवन हवेत जाळून केलेले असेल, तर ती पद्धत जिची जागा घेऊ पाहते तिच्याहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. ज्वलनातून मिळणारी जादा उष्णता अन्यत्र वापरता येते, असे समर्थन करता येईल. पण मग शीर्षकातील ‘विरहित’ हा शब्द टिकत नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९६० नंतरच्या दशकात युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्स या अमेरिकी कंपनीने ॲल्युमिनावरील निकेल विक्रियापात्र आणि भट्टी यांमध्ये फिरते ठेवून मिथेनपासून हायड्रोजन मिळविण्याची पद्धत विकसित केली होती. तीत कार्बन जाळून विक्रियेला लागणारी उष्णता मिळविली जात असे. त्या पद्धतीने स्वतःबद्दल कोणताही निर्मळपणाचा दावा केला नव्हता. तिचा हेतू हायड्रोजन मिळविण्याचा होता, आणि कार्बन तिच्या लेखी इंधन होते. पुढील काळातील काही निबंधांनी तीच रचना कायम ठेवून वर्णन मात्र बदलले आहे.

६

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील व्ही. आर. चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेले काम विशेष लक्ष वेधून घेते. त्यांनी दोन समांतर विक्रियापात्रे घेतली. एकात निकेलयुक्त उत्प्रेरकावर तुलनेने कमी तापमानास मिथेनचे विघटन होत असता दुसऱ्यात आधी साचलेला कार्बन वाफेने काढला जाई. मग दोन्हींच्या भूमिका बदलल्या जात. अशा रीतीने हायड्रोजनचा प्रवाह अखंड राही.

या पद्धतीचा एकूण जमाखर्च मांडला तर तो वाफेच्या मार्गाचाच येतो. विघटनातून दोन ग्रॅम-रेणू हायड्रोजन आणि कार्बनवरील वाफेच्या क्रियेतून आणखी दोन मिळतात. कार्बन डाय-ऑक्साइड तितकाच, म्हणजे समीकरणाप्रमाणे किलोग्रॅममागे साडेपाच किलोग्रॅम. हवामानाच्या दृष्टीने तिच्यात काहीही वाचत नाही. परंतु तिचे वैशिष्ट्य निराळ्या जागी आहे. विघटनाच्या पात्रात वाफच नसल्यामुळे तेथून येणाऱ्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतो, आणि कमी तापमानावर चालणाऱ्या इंधन-घटातील प्लॅटिनमला हा वायू अत्यल्प प्रमाणातही विषासमान असल्याने या शुद्धतेला मोल आहे. दुसरे असे की, निकेल येथे वाया जात नाही; ते पुनःपुन्हा वापरले जाते, आणि कार्बन मर्यादित प्रमाणातच साचू दिल्यामुळे कणांची मोडतोडही आवरली जाते. हे काम जे साधते ते स्पष्ट सांगते. त्याला पुढे ज्या सर्वसाधारण आढाव्यांत ‘कार्बनविरहित हायड्रोजन’ या शीर्षकाखाली गोवण्यात आले, तो दोष त्या आढाव्यांचा आहे. ‘कार्बन मोनॉक्साइडविरहित’ आणि ‘कार्बन डाय-ऑक्साइडविरहित’ या दोन शब्दांतील अंतर पुसले गेले की असा घोटाळा होतो.

कार्बन खरोखरच वेगळा काढून ठेवण्याचा गंभीर प्रयत्न म्हणून २०१७ साली अपहॅम आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. त्यांनी बिस्मथमध्ये २७ टक्के निकेल विरघळवून तो द्रव धातू १०६५° से. ला तापविला आणि त्यातून मिथेनचे बुडबुडे सोडले. १.१ मीटर उंचीच्या स्तंभात ९५ टक्के मिथेनचे परिवर्तन झाले. कार्बन द्रवावर तरंगून वर आला आणि निकेल त्याच्याखाली गाडले गेले नाही. घन कणाचा पृष्ठभाग झाकला जाण्याचा जुना प्रश्न येथे पृष्ठभागच प्रवाही करून टाळला आहे. कल्पनेचे हे धाडस प्रशंसनीय आहे. परंतु तापमान हजार अंशांपलीकडे गेल्यावर कमी तापमानाचा जो लाभ निकेलकडून अपेक्षित होता तो निघून जातो, आणि वर आलेल्या कार्बनबरोबर किती धातू निघून जातो, या प्रश्नाला पुन्हा तोंड द्यावे लागते. मुरादोव्ह यांनी कार्बनलाच उत्प्रेरक मानण्याचा जो आग्रह धरला, त्याचे मर्म येथे ध्यानी येते: कार्बनचा वेग निकेलच्या मानाने मंद खरा, पण तेथे धातू हरविण्याचा आणि तो परत मिळविण्याचा प्रश्नच नसतो.

७

आता मूळ प्रश्नाकडे परतता येईल. साचणाऱ्या कार्बनला उत्पादन म्हणणे न्याय्य ठरते ते तो न जाळता ठेवला जाईल तेव्हाच. आणि तसे ठरविल्यास त्याची किंमतही मान्य करावी लागते. मिथेनच्या ज्वलनात ८९० किलोज्यूल ऊर्जा असते. विघटनातून मिळालेल्या हायड्रोजनमध्ये ५७२ किलोज्यूल येते आणि ३९४ किलोज्यूल कार्बनमध्ये अडकून राहते. तेवढ्याच हायड्रोजनसाठी रासायनिक समीकरणाप्रमाणे वाफेच्या मार्गाच्या दुप्पट मिथेन लागतो. विहिरीपासून कारखान्यापर्यंत होणारी मिथेनची गळती त्याच मानाने वाढते, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक आहे. कार्बन विकून खर्च भरून काढू, हे आश्वासनही मोजून पाहावे लागते. जगात काजळीच्या रूपाने वापरला जाणारा कार्बन वर्षाला सुमारे दीड कोटी टन आहे; हायड्रोजनचा वापर २०२३ साली साडेनऊ कोटी टनांहून अधिक होता. त्यातील केवळ एक कोटी टन हायड्रोजन या मार्गाने मिळविला तरी तीन कोटी टन कार्बन निर्माण होईल. म्हणजे विक्रीचे गणित पहिल्या काही कारखान्यांपुरते खरे, आणि त्यापुढे कार्बन साठविण्याचीच तरतूद करावी लागेल. घन कार्बन साठविणे हे वायू जमिनीखाली कोंडण्यापेक्षा सोपे आहे, आणि हीच या मार्गाची खरी बलस्थाने असलेली बाजू होय. पण ती तशी मांडली गेली पाहिजे.

एकंदरीत पाहता निकेल आणि मिथेन यांच्यावरील संशोधनाने पृष्ठभागावरील घटनांचे जे ज्ञान दिले, ते पक्के आणि टिकाऊ आहे. बंध कोठे तुटतो, कार्बन कोणत्या वाटेने जातो, अणूंचे किती मोठे समूह कोणते काम करतात, याची उत्तरे उत्प्रेरणशास्त्राच्या इतर शाखांनाही उपयोगी पडली आहेत. हायड्रोजन मिळविण्याची पद्धत म्हणून निकेलवरील विघटनाचा दावा मात्र अद्याप सिद्ध झालेला नाही, आणि तो सिद्ध होण्याच्या आड निसर्गाइतकीच मांडणीची सैल पद्धतही आली आहे.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्यामुळे एक निश्चित कार्य उभे राहते. परिवर्तनाच्या आकड्याशेजारी त्याच तापमानाचा, दाबाचा व मिश्रणाचा समतोल लिहावा. टिकाऊपणाची परीक्षा समतोलापासून दूर राहून घ्यावी. प्रत्येक किलोग्रॅम हायड्रोजनमागे किती निकेल खर्च झाले ते नोंदवावे. आणि उत्प्रेरकाचे पुनरुज्जीवन केले असेल तर त्यात निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड त्याच कोष्टकात, त्याच मापात द्यावा. या चार नोंदींसाठी कोणतेही नवे उपकरण लागत नाही. त्या दिल्या गेल्या तर आज चमकदार वाटणारे काही निष्कर्ष फिके पडतील, आणि काही साधे दिसणारे प्रयोग आपल्या योग्य स्थानी येतील. पुण्यातील दोन पात्रांचा प्रयोग हा त्या दुसऱ्या वर्गातील आहे, आणि विभागातील प्रयोगशाळेत तो पुन्हा करून पाहण्यास आजही पुरेसे कारण आहे.